रजेची वाट पाहणारी मुले

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी पालक या नात्याने एखादा लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मनात प्रथम आला तो कृतज्ञतेचा लेख. माझी कन्या या शाळेच्या वसतिगृहात सहा वर्षे राहिली. पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंतची शिस्त तिच्या अंगी मुरली आणि आज ती स्वतःच्या पायावर उभी राहण्याच्या वाटेवर आहे. हे ऋण दोन पानांत फिटणारे नाही. परंतु स्मरणिकेने केवळ झालेल्या कार्याचे स्मरण करावे असे नाही. जे राहून गेले त्याचीही आठवण तिने करून द्यावी. म्हणून कौतुकाचे शब्द इतरांवर सोपवून मी एका राहून गेलेल्या कामाविषयी लिहीत आहे. ते काम सैनिकांच्या मुलांचे आहे.

या विषयाशी माझे नाते घरचे आहे. माझे वडील सैन्यात होते. पांढऱ्या रंगात नाव, क्रमांक आणि पलटण लिहिलेली त्यांची काळी लोखंडी पेटी आजही आमच्या माजघरात आहे. आमच्या लहानपणी ती पेटी उंबऱ्याच्या आत आली की घरात सण असे आणि बाहेर निघाली की आई दोन दिवस कोणाशी फारसे बोलत नसे. सैनिकाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. कागदावर हा आकडा मोठा दिसतो. प्रत्यक्षात ती रजा केव्हा मिळेल, सलग मिळेल की तुकड्यातुकड्यांनी, आणि मिळालेली पुरी भोगता येईल की नाही, हे त्याच्या हाती नसते. आमच्या वडिलांची रजा कधी पेरणीत आली, कधी आमच्या परीक्षेत आली. दिवाळीत ती क्वचितच आली.

डिसेंबर २००१ मधील एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. माझा धाकटा भाऊ तेव्हा सहावीत होता आणि घरापासून दूर एका वसतिगृहात राहत होता. वडील रजेवर सोमवारी घरी पोहोचले. वसतिगृहात भेटीचा दिवस रविवार होता, म्हणून ते थांबले. मुलासाठी आईने लाडू वळले, वडिलांनी सोलापुरातून त्याच्यासाठी स्वेटर आणला. नुकताच संसदेवर हल्ला झाला होता आणि सीमेवर सैन्याची जमवाजमव सुरू झाली होती. गुरुवारी तार आली : रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. वडील त्याच दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. तेथील जबाबदार व्यक्तीने त्यांना नम्रपणे सांगितले, भेटीचा दिवस रविवार आहे, रविवारी या. वडिलांनी तार दाखवली. उत्तर बदलले नाही. नियम सर्वांना सारखा होता. वडिलांनी लाडवांचा डबा आणि स्वेटर फाटकावर ठेवला, कुंपणापलीकडे खेळणाऱ्या मुलांत आपला मुलगा दिसतो का ते काही वेळ पाहिले आणि संध्याकाळची गाडी पकडली. पुढील जवळजवळ वर्षभर त्यांना रजा मिळाली नाही. पुन्हा भेट झाली तेव्हा भाऊ वीतभर उंच झाला होता आणि वडिलांशी परक्या पाहुण्याशी बोलावे तसा अदबीने बोलत होता. फाटकावरची ती हकीकत वडिलांनी आम्हांला निवृत्तीनंतर, तीही एकदाच, सांगितली.

मी त्या वसतिगृहाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तेथील माणसे वाईट नव्हती. त्यांचा नियम ज्या पालकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता, तो पालक या रविवारी नाही तर पुढच्या रविवारी येऊ शकत होता. ज्याला पुढचा रविवारच नाही असाही पालक असतो, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आले नाही. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. सैनिकाच्या मुलाची अडचण प्रामुख्याने पैशाची नसते. ती वेळेची, अंतराची आणि अनिश्चिततेची असते. तिचे भान ठेवून केलेली व्यवस्था आपल्याकडे फार थोडी आहे.

आता जी व्यवस्था आहे तिचा न्याय्य विचार करू. सैनिकाची नेमणूक शांतता क्षेत्रात असेल आणि निवासस्थान मिळाले, तर कुटुंब सोबत राहते. छावणीत बालवाडी असते, बहुधा पाळणाघरही असते. पुढे केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी पब्लिक स्कूल. केंद्रीय विद्यालयांची योजनाच मुळी १९६३ मध्ये, वारंवार बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांची मुले शिक्षणात मागे पडू नयेत म्हणून, पलटणींच्या शाळा हाती घेऊन सुरू झाली. आर्मी पब्लिक स्कूल चालवणारी सैन्याची शिक्षणसंस्था १९८३ पासून काम करते. ही व्यवस्था चांगली आहे. पण सैनिकाची पुढील नेमणूक ‘फील्ड’ला झाली की कुटुंबाला सोबत राहता येत नाही आणि बहुतेकांचे बिऱ्हाड गावी परतते. हिंदी-इंग्रजीत शिकलेले मूल अक्कलकोट वा मंगळवेढ्याच्या मराठी शाळेत वर्षाच्या मध्येच येऊन बसते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा हलते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अशी मुले मी पाहिली आहेत. ती हुशार असतात, चार राज्ये पाहिलेली असतात. पण वर्गात मैत्री करण्याचे टाळतात. कारण मैत्री झाली की बदली होते, हा त्यांचा अनुभव असतो.

दुसरा मार्ग निवासी शाळांचा. देशातील पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. तेथे आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा असतात आणि २०२१ पासून मुलींनाही प्रवेश खुला झाला. बेळगावचे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ पासूनचे आहे. शिवाय १९९५ च्या धोरणानुसार राज्यात जिल्हानिहाय सैनिकी शाळा निघाल्या. पण येथे एक गल्लत होते, ती दूर केली पाहिजे. सैनिकी शाळा म्हणजे सैनिकांच्या मुलांची शाळा नव्हे. तिचा हेतू मुलाला उद्याचा सैनिक किंवा अधिकारी घडवणे हा आहे. प्रवेशपरीक्षेच्या चाळणीतून मूठभर मुले आत जातात. जे मूल गणितात साधारण आहे, धावण्यात मागे आहे, ज्याला चित्रे काढायला आवडतात, त्याचे वडीलही सीमेवरच असतात. त्याने कोठे जायचे?

तिसरा मार्ग राज्याच्या सैनिक कल्याण विभागाने चालवलेल्या वसतिगृहांचा. सोलापूरसह अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींसाठी अशी वसतिगृहे आहेत आणि वीरपत्नींच्या व माजी सैनिकांच्या विधवांच्या मुलांना तेथे प्राधान्य मिळते. या वसतिगृहांनी अनेक पिढ्या शिकवल्या. परंतु वसतिगृह राहण्याजेवण्याची सोय करते. शाळा वेगळी, वसतिगृह वेगळे, आणि या दोहोंच्या मधल्या वेळेत मूल एकटे असते. शिवाय ही सोय शाळकरी व महाविद्यालयीन मुलांची आहे. चार वर्षांच्या मुलीला सांभाळत पाळीची नोकरी करणाऱ्या सैनिकपत्नीला तिचा काय उपयोग?

हा प्रश्न मी काल्पनिक म्हणून विचारलेला नाही. ज्या भावाची हकीकत वर सांगितली, तो आज स्वतः सैन्यात आहे. त्याची पत्नी परिचारिका आहे आणि दोन मुलांना घेऊन सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. मुलगा येत्या जूनमध्ये पाचवीत जाईल, मुलगी चार वर्षांची आहे. रात्रपाळी असली की माझी भावजय मुलांना शेजारणीकडे निजवते. मुलाला वसतिगृहात ठेवावे काय, हा विषय निघाला तेव्हा भाऊ दूरध्वनीवर बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ताई, फाटकाचा नियम काय आहे तेवढं आधी विचार.” या लेखाचे बीज त्या वाक्यात आहे.

आपल्या शाळेने या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्या समाजाच्या उत्थानाची पहिली पायरीच सैनिकांच्या मुलांची शाळा ही होती. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक. आईकडचे मुरबाडकर घराणेही सैनिकीच. त्या काळी पलटणीत सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे चरित्रकार नमूद करतात. गावच्या शाळेच्या ओट्याशीही ज्यांना उभे केले जात नव्हते, त्यांची मुले, आणि मुलीसुद्धा, छावणीत अक्षरे गिरवत होती. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली आणि त्या भरतीबरोबर छावणीच्या शाळेचे दारही पुढील पिढीला बंद झाले. भरतीसाठी शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्जविनंत्या केल्या, त्यामागे केवळ भाकरीचा प्रश्न नव्हता. त्या दाराचाही होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ते दार पुन्हा किलकिले झाले.

याच बाबासाहेबांचे बालपण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात आहे. आपण त्यातील गाडीवानाचा आणि पाण्याचा प्रसंग नेहमी सांगतो. त्याच्या आधीचा भाग सहसा सांगत नाही. आई वारलेली. निवृत्त सुभेदार वडील खटाव तालुक्यात कोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार. साताऱ्याच्या घरात भीमराव, त्यांचे थोरले बंधू, दिवंगत बहिणीची दोन मुले आणि पायाने अधू असलेली प्रेमळ आत्या. शाळा सांभाळून ही मुले स्वतःच स्वयंपाक करीत. पोळ्या जमत नसत, म्हणून सोपा पडतो तो पुलाव शिजवून ती दिवस काढीत. १९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांनी बोलावले. मुलांनी येत असल्याचे पत्र लिहिले, नवे कपडे घालून ती आगगाडीने मसूरला उतरली आणि स्थानकावर त्यांना घ्यायला कोणी आले नव्हते. पत्र पोहोचले होते. नोकर ते मालकाला द्यायला विसरला होता. पुढे गाडीवानाने केलेली विटंबना, रात्रभराची तहान आणि भीती आपल्याला ठाऊक आहे. विटंबना जातीने केली, हे निर्विवाद. परंतु ती सोसायला नऊ-दहा वर्षांचे मूल स्थानकावर एकटे का उभे होते, याचे उत्तर दूरच्या नोकरीत, न मिळालेल्या पत्रात आणि मध्ये कोणी जबाबदार माणूस नसण्यात आहे. शतक उलटून गेले; फाटकावर लाडवांचा डबा ठेवून गेलेले माझे वडील आणि मसूरच्या फलाटावरची ती मुले यांच्यातले अंतर मला फार वाटत नाही.

बाबासाहेबांनी हे दुःख विस्मरणात जाऊ दिले नाही. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सभेने जे पहिले रचनात्मक काम हाती घेतले त्यात वसतिगृह होते. ते आपल्या सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाले. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली आणि सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे साह्य दिले. घरापासून दूर शिकणाऱ्या मुलाला छप्पर आणि माणूस दोन्ही हवे असते, हे ओळखण्याची परंपरा या जिल्ह्यात शंभर वर्षांची आहे. आपली शाळा त्याच परंपरेत उभी आहे.

या सूचनेवर तीन आक्षेप संभवतात आणि ते तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, सैनिकाला नियमित पगार आहे. आपली शाळा ऊसतोड मजुरांच्या, वीटभट्टीवरील आणि भूमिहीनांच्या मुलांसाठी आहे. त्यांच्या ताटातले काढून पगारदाराच्या मुलाला का द्यावे? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्यापुढे मी मान तुकवते. या मुलांची एकही जागा कमी होता कामा नये. पण सैनिकाच्या मुलाला फुकट घ्या, असे मी म्हणतच नाही. निवासी शाळेतील मुलासाठी केंद्र सरकार सैनिकासह आपल्या कर्मचाऱ्यांना वसतिगृह अनुदान देते. सातव्या वेतन आयोगानंतर त्याची मर्यादा दरमहा ६,७५० रुपये होती, ती १ जानेवारी २०२४ पासून ८,४३७ रुपये ५० पैसे झाली. दोन मुलांपर्यंत ते मिळते, मात्र शाळा कर्मचाऱ्याच्या निवासस्थानापासून किमान ५० किलोमीटर दूर असावी लागते आणि मुख्याध्यापकाचा दाखला लागतो. जास्तीच्या दहा जागा निर्माण करून त्या या अनुदानावर चालवल्या, तर त्यांचा भार शाळेवर पडणार नाही. उलट वसतिगृहाच्या वाढीव खर्चाला हातभारच लागेल. आणि खरे सांगायचे तर, ऊसतोड मजुराचे मूल आणि सैनिकाचे मूल यांची व्यथा एका जातीची आहे. दिवाळी सरली की एकाचे आईवडील फडावर जातात, रजा सरली की दुसऱ्याचे वडील सीमेवर जातात. राज्याने ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढली, ती याच तत्त्वावर की आईबाप कामाला गेल्याने मुलाचे शिक्षण थांबू नये. ही दोन मुले एका खोलीत राहिली तर एकमेकांना ती जितकी समजून घेतील, तितके आपण मोठी माणसे घेऊ शकणार नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. अहिंसेची शिकवण देणाऱ्या बौद्ध संस्थेने सैनिकी पेशाशी जवळीक का करावी? येथे विनयपिटकातील राहुलाची कथा स्मरावी. लहानगा राहुल पित्याकडे वारसा मागायला गेला आणि त्याला प्रव्रज्या मिळाली. तेव्हा आजोबा शुद्धोदन तथागतांपुढे आपले दुःख घेऊन आले. मुलगा गेला, नातूही गेला. ते दुःख चामडी, मांस, हाडे भेदून जाते, असे त्यांनी सांगितले आणि मातापित्यांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती केली. तथागतांनी तो नियमच घालून दिला. सर्वश्रेष्ठ कार्यासाठी घर सोडणाऱ्यानेही मागे राहिलेल्यांच्या दुःखाची दखल घ्यावी आणि त्यासाठी नियम बदलावा, हा या कथेचा अर्थ मी घेते. सिंह सेनापती तथागतांचा उपासक होता आणि सेनापतिपद सोडण्याची अट त्याला घातल्याचे आढळत नाही. आणि मूल तर कोणत्याच सैन्यात नसते. त्याला मायेने वाढवणे यात हिंसेचे समर्थन कोठे येते? उलट सैनिकाच्या मुलानेही सैनिकच व्हावे असा धोशा न लावता त्याला शिक्षक, शेतकरी, चित्रकार होण्याची मोकळीक देणारी जागा आपल्यासारखीच संस्था देऊ शकेल.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. इतक्या लहान मुलाला आईपासून दूर करणे योग्य आहे काय? माझे मत स्पष्ट आहे. पाचवीच्या आतील मुलाने शक्य तेथवर आईजवळ राहावे. वसतिगृह हे आईला पर्याय नाही. आईला साह्य आहे. म्हणूनच आपण केवळ खाटांची संख्या वाढवून थांबता कामा नये.

बाहेरच्या जगात काय चालते, तेही पाहावे. अमेरिकेत १९८९ मध्ये सैनिकांच्या मुलांच्या संगोपनासाठी स्वतंत्र कायदा झाला. तेथे तळावरील बालसंगोपन केंद्रांची फी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते आणि मोठ्या मुलांसाठी शाळेनंतरची युवाकेंद्रे चालतात. सैनिकांच्या मुलांची राज्याराज्यांत बदली होताना वर्ष वाया जाऊ नये म्हणून तेथील सर्व राज्यांनी आपसात करार केला आहे. इंग्लंडमध्ये २०११ पासून सैनिकाचे मूल शिकत असलेल्या सरकारी शाळेला त्या मुलाच्या मानसिक आधारासाठी वेगळी रक्कम मिळते. ही श्रीमंत देशांची उदाहरणे आहेत, त्यांची नक्कल आपल्याला करता येणार नाही. पण या सर्वांतील मूळ विचार स्वस्त आहे : शाळेने मुलाला विचारावे, तुझे वडील सध्या कोठे आहेत, आणि उत्तर लक्षात ठेवावे.

माझ्या सूचना पाच आहेत.

पहिली, रजेचा नियम. सैनिक पालक रजेवर आला की वार कोणताही असो, परीक्षेचा दिवस वगळता मुलाला भेटू द्यावे आणि शक्य असल्यास घरी नेऊ द्यावे. बुडालेला अभ्यास नंतर भरून काढता येतो. याच न्यायाने फडावरून परतलेल्या मजूर पालकालाही हा नियम लागू करावा. यासाठी एक रुपयाही खर्च नाही.

दुसरी, मध्येच येणाऱ्या मुलासाठी उघडे दार. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखल्याच्या विलंबामुळे प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण दार उघडणे पुरेसे नाही. दुसऱ्या माध्यमातून आलेल्या मुलासाठी दोन महिन्यांचा मराठीचा सेतुवर्ग असावा. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या कुंभारीला भाषेच्या उंबऱ्यावर अडखळलेल्या मुलाची अडचण वेगळी सांगावी लागणार नाही.

तिसरी, पाळणाघर. शाळेच्या आवारात सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत चालणारे, प्रशिक्षित सेविका असलेले पाळणाघर सुरू करावे आणि फी उत्पन्नानुसार ठेवावी. त्याचा लाभ सैनिकपत्नींपुरता राहणार नाही. आपल्या गावच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाळीने राबणाऱ्या परिचारिका आहेत, गोदूताई परुळेकर वसाहतीत विड्या वळणाऱ्या माता आहेत आणि ३० हजार घरांच्या रे नगरात असंघटित कामगारांची कुटुंबे राहायला येत आहेत. या साऱ्या मुलांना ते हवे आहे.

चौथी, प्रत्येक मुलामागे एक माणूस. वसतिगृहातील प्रत्येक सैनिकपाल्याची जबाबदारी एका ठरावीक शिक्षिकेकडे किंवा शिक्षकाकडे असावी. सीमेवरून फोन केव्हा लागेल याचा भरवसा नसतो. तो तासिकेच्या वेळी आला तरी मुलाला बोलावून द्यावे. सीमेवर काही घडले तर दूरदर्शनच्या पडद्यावरून मुलाला ते कळण्याआधी या व्यक्तीने त्याच्याजवळ जाऊन बसावे. मुलांच्या सुरक्षिततेविषयीच्या २०१२ च्या कायद्याचे प्रशिक्षण या सर्वांना असावे, हे सांगणे नलगे.

पाचवी, माहितीचा कोपरा आणि युवकांचे शिबिर. योजना असतात, पण त्या गावातल्या मातेपर्यंत पोहोचत नाहीत. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या मुलांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून मिळणारे शिक्षणसाह्य दरमहा १,००० रुपये होते, ते १ नोव्हेंबर २०२५ पासून २,००० रुपये झाले. व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. हुतात्म्यांच्या मुलांच्या शिक्षणखर्चावर २०१७ मध्ये दरमहा १० हजारांची मर्यादा आली होती आणि ती मार्च २०१८ मध्ये उठवावी लागली. लोकांनी आवाज उठवला म्हणून ती उठली, हे विसरू नये. महिन्यातून एक दिवस आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे अर्ज भरून देण्यासाठी शाळेत बसला, तरी अनेक घरांचे काम होईल. उन्हाळ्यात पंधरा दिवसांचे शिबिर भरवावे. त्यात पोहणे, नाट्य, विज्ञानाचे प्रयोग आणि धम्माची ओळख असावी. चार वर्षांची सेवा संपवून परतणाऱ्या अग्निवीरांनाही त्यात मार्गदर्शक म्हणून बोलवावे. २०२२ च्या योजनेनुसार त्यांच्यापैकी चौथ्या हिश्शापर्यंतच जवान पुढे नियमित सेवेत राहतील. बाकीच्यांनाही तरुण वयातच नवी वाट शोधायची आहे.

शेवटी एक योगायोग. अमेरिकेत एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना म्हणून पाळतात. आपला एप्रिल तर छावणीत जन्मलेल्या सुभेदारपुत्राचाच आहे. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक निघेल, व्याख्यान होईल, खीरदान होईल. त्या दिवशी शाळेने भेटीच्या नियमांची पाटी उतरवून त्यात एक ओळ वाढवावी, एवढीच माझी विनंती आहे : रजेवर आलेल्या पालकांस कोणत्याही दिवशी भेट घेता येईल.

ती ओळ लिहिली गेली, तर जूनमध्ये माझा भाचा आपल्या शाळेत दाखल होईल. भावाला मी तसे कळवले आहे. त्याची रजा ऑगस्टमध्ये आहे; मिळाली तर.